कोर्टाची तारीख नसताना संभाजीनगर

लातूर-नांदेड-परभणीकडच्या माणसाला संभाजीनगर नवं नसतं. खंडपीठात तारीख असते, घाटीत कुणीतरी भरती असतं, विद्यापीठात एखादा कागद अडकलेला असतो. सकाळच्या गाडीनं यायचं, काम उरकायचं, स्टँडवर चहा-भजी खाऊन परतीची एसटी धरायची. अशा वीस-पंचवीस खेपा होतात आणि बीबी का मकबरा रिक्षातूनच दिसतो. या खेपेला काम काहीच नाही, पाठीवर दोन सॅक आहेत, स्वतःची गाडी नाही आणि हाताशी चार दिवस आहेत, अशा दोघांसाठी ही आखणी.

इथं घड्याळाआधी वार बघायचा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. सोमवारी घृष्णेश्वराला रांग, गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी खुलताबादच्या दर्ग्यांत गर्दी, शनिवारी त्याच गावातल्या भद्रा मारुतीला, आणि रविवारी सगळीकडेच. आठवड्यातला प्रत्येक वार कुठल्या ना कुठल्या देवाच्या, नाहीतर सरकारी खात्याच्या नावे लागलेला आहे. त्यातून नीट बसणारी मांडणी म्हणजे मंगळवारी उतरायचं आणि शुक्रवारी आटपायचं. मंगळवारी वेरूळ तसंही बंद, तेव्हा तो दिवस शहराला दिला तर काही बुडत नाही.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत वेरूळच्या कैलास लेण्याच्या चौकातला कातळ दुपारी तव्यासारखा तापतो, आणि देवळात अनवाणी जावं लागतं तिथं पाय पोळतात. पावसाळा दिसायला सुंदर, पण दगडावर शेवाळ धरतं. तेव्हा चपला घरी ठेवून पकड असलेले बूट घालायचे.

सॅक चाळीस लिटरच्या वर नको. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत, आणि सॅकला कुलूप लावायला जागाच नसते. तिथं हटकून अडतं. दोन्ही चेनच्या कड्यांतून जाईल अशी बारीक केबल आणि छोटं कुलूप घरूनच आणायचं, सोबत रेल्वेचं तिकीट आणि ओळखपत्र. लॉजवर दोघांचंही आधार लागतं. नव्या लग्नाचं जोडपं असेल तर तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव असतं आणि काउंटरवरचा माणूस दोन्ही कार्डं शेजारी धरून उगाच बघत बसतो. लग्नाचा दाखला मोबाइलमध्ये असला की पुढचं बोलणं वाचतं. पत्ता याच शहराचा असेल तर बरेच लॉजवाले खोली देत नाहीत, हेही माहीत असावं.

एसटीत तिचं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण. चारही दिवस खासगी जीपपेक्षा लाल बस परवडते ती यामुळेच. पुरातत्त्व खात्याची तिकिटं भारतीयांना वेरूळला ४० रुपये, देवगिरी किल्ला, मकबरा आणि शहरातली लेणी प्रत्येकी २५. म्हणजे दोघांचे मिळून २३० रुपये. मोबाइलवर आधीच काढली तर थोडी सूट मिळते आणि रांगही टळते. फाटकावर उभं राहून काढायला गेलं की नेमकी तिथंच रेंज जाते, म्हणून आदल्या रात्री खोलीवरच काढून स्क्रीनशॉट ठेवायचा.

मंगळवार

नांदेड-परभणीहून रेल्वेनं आलात तर प्रश्न नाही. जालन्याकडून एसटीनं आलात तर बस आधी सिडको स्टँडवर थांबते आणि अर्धी बस रिकामी होते. बाकीच्यांच्या मागं उठायचं नाही. आपल्याला मध्यवर्ती बसस्थानक हवं. वेरूळ, खुलताबाद, कन्नडच्या गाड्या तिथून सुटतात. राहायचंही त्याच्याच आसपास. औरंगपुऱ्यात राहिलं तर जुनं शहर पायाशी, हे खरं, पण दोन दिवस सकाळी सातला एसटी धरायची आहे. स्टँडजवळ रात्री आवाज असतो, म्हणून रस्त्याकडची खोली नको, मागची मागायची. खोली घेण्याआधी नळ सोडून बघायचा. शहराला नळाचं पाणी रोज येत नाही, आणि लॉजवर टँकर आलेला नसला की अंघोळीला बादली मोजून मिळते. प्यायला जारचं पाणी भरून घ्यायचं, माणशी दोन लिटर.

रिक्षा मीटरनं जात नाही. बसण्याआधी भाडं ठरवायचं, आणि ते दोघांचं मिळून की एकेकाचं हेही विचारायचं. शेअर रिक्षात ‘वीस’ म्हणजे एकेकाचे वीस. रिक्षावाल्याला संभाजीनगर म्हणा, औरंगाबाद म्हणा, गाडी तिथंच जाते. तो ‘नक्को’ म्हणाला तर तो आपल्याच ‘नको’चा दखनी भाऊ समजायचा. आपण ‘कामून’ विचारतो, तो ‘कायकू’ विचारतो. हैदराबादेत एखादा दिवस काढलेल्याला ही बोली चटकन कळते.

ऊन उतरल्यावर, चारच्या पुढं, पैठण गेटपासून चालायला सुरुवात करायची. टिळक पथावरून गुलमंडी, तिथून मछली खडक, सिटी चौक आणि शेवटी शहागंज. सगळं मिळून दोन किलोमीटरच्या आत, पण तीन तास लागतात. रस्त्यात सुपारी हनुमान लागतो. मंगळवार असल्यानं तिथं रेटारेटी असणार, बाहेरूनच हात जोडून पुढं सरकलं तरी चालतं. राजाबाजारातला संस्थान गणपती हा शहराचा ग्रामदेव. शहागंजला घड्याळाचा मनोरा आहे, आणि मनोऱ्याभोवती फळवाले, जुने कपडेवाले, अत्तरवाले. सॅक खोलीवर ठेवूनच यायचं. या गल्ल्यांत पाठीवर चाळीस लिटर घेऊन वळलं की मागच्या हातगाडीवरची बांगड्यांची चवड गेलीच म्हणून समजा.

नकाशा उघडला की मोहल्ल्यांची नावं मोठ्यानं वाचत जायची. १६१० मध्ये मलिक अंबरनं इथं खडकी वसवली. हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा माणूस. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि नाव बदललं. मोगलांच्या चाकरीतले रजपूत सरदार सैन्यासकट येऊन राहिले आणि आपापली पुरं वसवून गेले. जयसिंगपुरा आमेरच्या मिर्झाराजे जयसिंगाचा, कर्णपुरा बिकानेरच्या करणसिंगाचा, पदमपुराही त्याच घराण्यातल्या पदमसिंगाचा. म्हणजे नवरात्रात अख्खा मराठवाडा ज्या कर्णपुऱ्याच्या देवीच्या जत्रेला लोटतो, त्या जागेचं नाव बिकानेरच्या राजावरून आलेलं आहे. बेगमपुरा, रंगार गल्ली, कुंभारवाडा, बुढ्ढी लेन, केळीबाजार ही आणखी काही. शहर कुणाकुणाचं आहे हे दगडी शिलालेखापेक्षा रिक्षावाल्याच्या तोंडून लवकर कळतं.

भडकल गेट मात्र मुद्दाम गाठायचं. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून अंबरनं ते १६१२ मध्ये उभारलं, आणि शेजारी डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. इथं लोक ‘बावन्न दरवाजे’ म्हणतात. आता उभे आहेत ते मोजके, तेही वाहतुकीत अडकलेले. फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका. कमानीतून येणाऱ्या रिक्षाला पलीकडचं दिसत नाही.

रात्री नान-खलिया. मांसाहार चालत असेल तर शहराची चव हीच. तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा लष्करासोबत हा प्रकार आला, असं इथं सांगतात. भट्टी जमिनीत पुरलेली असते. आंबवलेल्या मैद्याचा गोळा हातावर फिरवून, गोल करून, कापडी गादीवर पसरतात आणि भट्टीत वाकून आतल्या भिंतीवर दाबतात. सळईनं काढलेलं नान वरून पिवळसर तांबूस चकाकतं आणि आत मऊ असतं. खलिया म्हणजे पातळ रस्सा, वर लाल तर्री. तर्री बाजूला सारून खाली चमचा घालायचा, मसाला तिथं बसलेला असतो. बसण्याआधी ‘छोटे का या बडे का?’ विचारायचं. छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशीवर्गाचं. हा प्रश्न इथं रोजचा आहे, कुणी राग मानत नाही. न विचारता ताट समोर आल्यावर तोंड वाकडं केलं तर मात्र राग येतो. नान आकारानं मोठं असतं, आधी माणशी एकच घ्यायचं. शाकाहारी असाल तर गुलमंडीवर कचोरी आणि माव्याची इमरती आहेच. इमरती गरम असतानाच खायची, थंड झाली की चिवट होते.

बुधवार

वेरूळ इथून तीस किलोमीटर. ‘वेरूळ’ची पाटी असलेल्या बसची वाट बघत बसायचं नाही. कन्नडकडं जाणारी कुठलीही गाडी वेरूळवरूनच जाते. सातच्या सुमारास निघालं की आठला लेण्यांच्या फाटकावर. उशिरा निघालं तर शाळांच्या सहली आणि आपण एकदमच पोहोचतो.

लेणी चौतीस, डोंगराच्या कडेनं दोन किलोमीटर पसरलेली. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. क्रमांकानं बघत जायची चूक बहुतेक लोक करतात. मग बारापर्यंत पाय दुखायला लागतात, सोळाव्याला दुपार होते, आणि जैन लेणी राहूनच जातात. त्याऐवजी आल्या आल्या सोळावं, म्हणजे कैलास, अर्धा तास रिकामं असताना बघून घ्यायचं. मग थेट ३० ते ३४ कडं. आवारात बस असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. चालत एक-सव्वा किलोमीटर आहे, सकाळी चाललेलंच बरं. बत्तिसावं लेणं, इंद्रसभा, तिथलं मुख्य. वरच्या मजल्यावर छताकडं बघायला विसरू नका, जुन्या रंगाचे तुकडे अजून आहेत. परतताना एकोणतिसावं, धुमार लेणं. पावसाळ्यात त्याच्या शेजारी धबधबा पडतो आणि वाट निसरडी होते. पाणी जास्त असेल तर पहारेकरी सोडत नाहीत, हुज्जत घालू नका.

जेवणानंतर दहावं आणि बारावं. दहाव्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात ते छतामुळं. लाकडी घराच्या कमानदार वाश्यांसारख्या फासळ्या पूर्ण दगडात कोरलेल्या आहेत. जिथं लाकडाची गरजच नाही तिथं लाकडाची नक्कल. बाराव्याला तीन मजले, पायऱ्या उंच आणि अंधार. मोबाइलची टॉर्च लावून, भिंतीला हात धरून चढायचं. तिसऱ्या मजल्यावर दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीनं बसलेले दिसले की चढल्याचं चीज होतं. बहुतेक लोक पहिल्या मजल्यावरूनच मागं फिरतात.

आणि मग चारच्या पुढं पुन्हा कैलास. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळं सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि तिसऱ्या प्रहरी उजळते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे देऊळ डोंगर वरून खाली खोदत काढलं. चौक साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद. इथं पायाही नाही आणि जोडही नाही. वरून कोरत येताना एखादा हात चुकून जास्त खोल गेला असता तर तो दगड परत लावता आला नसता, एवढं डोक्यात ठेवून बघायचं. आत शिरल्यावर उजव्या हाताला, दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचे पट आहेत, डावीकडं महाभारताचे. पण थांबायचं ते दक्षिणेलाच, खालच्या बाजूच्या रावणापाशी. तो वीस हातांनी कैलास हलवतोय, वर पार्वती दचकून शंकराला बिलगलीय, मागं एक दासी पळ काढतेय, आणि शंकर पायाच्या नुसत्या दाबानं डोंगर जागच्या जागी बसवतोय. रावण कोनाड्यात खोल कोरलेला आहे. तिरप्या उजेडात त्याचे हात एकेक करून सुटे होतात, भर दुपारी सपाट दिसतात. दोनदा यायला सांगतो ते एवढ्यासाठीच. वरच्या कड्यावर जाणारी पायवाट दक्षिणेच्या अंगानं चढते. तिथून देवळाचं शिखर नजरेच्या खाली येतं. मुरूम घसरतो, कठड्याच्या पलीकडं पाय टाकायचा नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

केळी, बिस्किटं हातात धरून फिरू नका. माकडं पिशवीच ओढतात, आणि चेन उघडायलाही शिकली आहेत.

घृष्णेश्वर लेण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं. गाभाऱ्यात पुरुषांनी अंगातला सदरा काढायचा, मोबाइल आत नेता येत नाही. दोघांपैकी एकानं सामान धरून बाहेर थांबायचं, मग दुसऱ्यानं जायचं. बुधवारी यात फार वेळ जात नाही. हे गाव मालोजीराजे भोसल्यांचं, शिवरायांच्या आज्याचं. गढीच्या जागी थोडा वेळ थांबता येतं. परतीची बस संध्याकाळी सहाच्या आत धरायची. त्यानंतर उभ्यानं जावं लागतं, नाहीतर जीपवाला म्हणेल तो भाव.

गुरुवार

आज देवगिरी आणि खुलताबाद, एकाच रस्त्यावर, पण किल्ला आधी. किल्ला शहरापासून पंधरा किलोमीटर. ऊन चढल्यावर माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत चढणं म्हणजे शिक्षा आहे. आठ वाजता आत शिरलं तर अकरापर्यंत खाली येता येतं. खाली उतरल्यावर फाटकाबाहेर हंगामात सीताफळं आणि जांब मिळतात. चढण्याआधी खाऊ नका, मीठ-तिखट लावलेला जांब खाल्ला की वर तहान आवरत नाही.

यादवांची राजधानी, मग खलजी, मग १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं ठेवलेलं दौलताबाद हे नाव, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही. हे सगळं पुस्तकात आहे. किल्ल्यात ते एका जागी दिसतं ते भारतमाता मंदिरात. १३१८ साली कुत्बुद्दीन मुबारक खलजीनं बांधलेली ही मशीद, खांब जुन्या देवळांचे, आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर बसवलेली भारतमातेची मूर्ती. खांबांची कोरीव कामं जवळून बघायची. एका खांबाची घडण शेजारच्या खांबाशी जुळत नाही, निरनिराळ्या देवळांतून आणल्याची ती खूण. समोरचा चाँद मिनार ६४ मीटरच्या आसपास, चढू देत नाहीत. वर चिनी महालाच्या भिंतीत निळ्या-पांढऱ्या फरशीचे तुकडे उरलेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा इथंच कैदेत होता.

मेंढा तोफेजवळ पाणी पिऊन घ्यायचं, कारण पुढं खंदक आणि अंधारी. ही किल्ल्याची खरी अक्कल. कातळातून जाणारी काळोखी वाट मुद्दाम वळणांची ठेवलेली. शत्रू आत आला की एक फाटा त्याला थेट खंदकाच्या तोंडाशी नेई. वरच्या टोकाला लोखंडी झाकण, त्यावर निखारे पेटवले की धूर आत कोंडायचा. आज शत्रूऐवजी वटवाघळं आहेत. नाकाला रुमाल, टॉर्च पायाशी, आवाज बंद. टॉर्च छताकडं मारली की वटवाघळं अंगावर झेपावतात आणि लोक ओरडत पळतात. पडतात ते तेव्हाच. दम्याचा त्रास असेल तर अंधारी टाळायची, खालचा किल्लाही दोन तासांचा ऐवज आहे. अत्तर, सेंट लावून येऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि त्यांची समाधी इथंच आहे. ते दत्तभक्त, म्हणून मुसलमानी अमलातही किल्ल्यावर गुरुवारची सुटी असे, अशी नाथांच्या परंपरेत आठवण सांगतात. वाराचा हा कारभार जुनाच म्हणायचा.

किल्ल्यासमोरून खुलताबादची जीप किंवा बस. रस्ता जुन्या दगडी दरवाज्यातून जातो, एका वेळी एकच मोठी गाडी मावते. सुटीच्या दिवशी इथं तासभर अडकायला होतं, गुरुवारी दुपारी सहसा नाही. पुढं घाट चढला की खुलताबाद.

डोक्यावर रुमाल किंवा टोपी, ओढणी, आणि सहज निघणाऱ्या चपला. काही दर्ग्यांत बायकांना अगदी आतल्या भागात जाऊ देत नाहीत. उंबऱ्याशी विचारायचं आणि सांगतील तिथं थांबायचं. झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची कबर आहे. छत नाही, वर उघडं आभाळ, कबरीच्या मातीत सब्जाचं झाड. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरच्या काळातली. इतक्या मोठ्या बादशहाची म्हणून भव्य काही शोधायला गेलेले लोक दोन मिनिटांत बाहेर येतात. समोर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा. निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य दिल्लीहून दख्खनेत आले आणि १३३७ मध्ये इथं वारले. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याची कबरही त्याच आवारात. आणि शहर वसवणारा मलिक अंबर गावाबाहेर एका घुमटाखाली आहे. तिथं रांग नाही, फुलवाला नाही, पाटीही नीट दिसत नाही. ‘मलिक अंबर का मकबरा’ असं विचारत विचारत जायचं. परवा ज्याच्या खडकीत फिरलो त्याच्यासाठी अर्धा तास काढायला हरकत नाही.

तिथून निजलेला भद्रा मारुती, आजचा वार त्याचा नाही म्हणून पाच मिनिटांत दर्शन. दर्ग्यांत संध्याकाळची जुम्मेरातची गर्दी सुरू होण्याआधी, चार-साडेचारला परतीला लागायचं.

शुक्रवार

आज शहराची उत्तर बाजू, आणि घड्याळ जुम्म्याच्या नमाजावर लावायचं. दुपारी एकच्या आत पाणचक्की संपली पाहिजे.

सकाळी साडेसातला रिक्षा करून विद्यापीठामागच्या लेण्यांना. रिक्षा जायची मिळते, यायची मिळत नाही. वर उतारू नसतात म्हणून रिक्षावाले तिथं थांबत नाहीत. थांबायचे पैसे ठरवा, नाहीतर मकबऱ्यापर्यंत चालत उतरा, सकाळी तेही बरं वाटतं. लेण्यांचे दोन गट, मध्ये किलोमीटरभर अंतर. वेरूळ बघितल्यावर इथं काय, असं म्हणणारे तिसऱ्या आणि सातव्या लेण्यात गेलेले नसतात. तिसऱ्यात गाभाऱ्यात बुद्धासमोर भक्तांची माणसाएवढी शिल्पं गुडघे टेकून बसली आहेत, प्रत्येकाची केशरचना निराळी. सातव्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वर, आणि दोन्ही अंगांना चार-चार संकटं: आग, तलवारवाला, बेड्या, फुटलेलं जहाज, सिंह, साप, हत्ती, आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक चौकटीत घाबरलेला माणूस त्याच्याकडं हात जोडून आहे. जुन्या काळच्या प्रवाशाची ही सगळी भीती, व्यापारी वाटेवर कोरलेली.

मकबरा साडेनऊला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली, तिच्यासाठी ही इमारत. ताजमहालाशी तुलना करत नाक मुरडायची रीत आहे, पण मग जवळ जाऊन भिंतीवर हात फिरवा. खालचा पट्टा संगमरवरी, त्याच्या वर काळा दगड आणि गिलावा, घुमट पुन्हा संगमरवरी. खर्च नोंदलेला आहे तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे. हात आखडता ठेवला की काय होतं ते सांध्यावर दिसतं. मुख्य दरवाज्यावर कारागिरांची नावं कोरली आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. आत कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी जाळीतून वाकून बघायची. नाणी टाकू नका, खालचा ढीग तसाच पडून असतो.

साडेअकरापर्यंत पाणचक्की. तिकीट इथं वेगळं, किरकोळ. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिरांचा हा तकिया, म्हणजे फकिराचं राहण्याचं ठिकाण. हर्सूलकडून मातीच्या नळांतून जमिनीखालून पाणी आणलंय. वाटेत मधूनमधून विटांचे उंच बंबे उभे केलेत. पाणी त्यांत चढतं, नळात कोंडलेली हवा वर निघून जाते आणि दाब टिकतो. पंप कुठंच नाही. शेवटी ते उंचावरून खाली पात्यांच्या चाकावर पडतं, चाक आडवं फिरतं, त्याच्या दांड्यावर वरचं जातं फिरतं. मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी इथं दळण व्हायचं. मोठ्या हौदाच्या कठड्यावर टेकून फोटो काढणारे खूप, पण हौदाखाली जा. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. बाहेर चाळीस अंश असलं तरी तिथं गारवा. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, चाक मंद फिरतं, तेव्हा ‘बंद पडलंय’ म्हणून लगेच वळू नका.

दुपारी हिमरू, म्हणजे इथलं नक्षीचं विणलेलं कापड. विणकाम सुती ताण्यात रेशमी बाणा घालून होतं. दुकानात शाल दाखवली की आधी उलटी करायची. मागच्या बाजूला सुटे धागे लांबलांब सोडलेले दिसले तर हातमागाचं असण्याची शक्यता, कारण नक्षी नसते तिथं धागा मागून वाहत जातो. मागची बाजू कापून गुळगुळीत केलेली असेल तर बहुतेक यंत्रावरचं. मशरू मागितलं तर बाहेरून रेशीम आणि अंगाला सूत. शुद्ध रेशीम कातडीला लागू नये असं मानणाऱ्या मुसलमान पुरुषांसाठी ही युक्ती निघाली.

शनिवारी गाडीला वेळ असेल तर पैठण, पन्नासेक किलोमीटर, नाथांची समाधी आणि मग विणकरांकडं. पैठणी घेताना मात्र कालची परीक्षा उलटी करायची. पदर आणि काठ पालथे घालून बघायचे. हातमागाच्या पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागं सुटे धागे लोंबत असतील तर घडी घालून परत द्यायची, भाव विचारायच्या आधीच.